देवावर भरवसा ठेव, माणसांवर नको – म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पार्टनरशिपमध्ये टेम्पोचा धंदा केला, पार्टनर आपल्याच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगमधला, लहानपणापासूनचा मित्र, लेखी काहीच नाही, आणि आता साडेसात लाखांचा हिशोब लागत नाहीये. तू लिहिलंयस की सकाळच्या प्रार्थनेत १४६ वं तेहिलीम, म्हणजे स्तोत्र, म्हणताना "अल तिव्तेखू विन्दिवीम" या ओळीला अडकलास आणि ठरवून टाकलंस की बस्स, यापुढे भरवसा देवावर, माणसांवर नाही. आणि वर विचारतोयस की घरचे वकिलाकडे जा म्हणतात, पण वकील केला तर तो देवावरचा अविश्वास होतो का.

मी रब्बी नाही हे आधीच सांगतो. तीसेक वर्षं हज्जन म्हणून, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारा म्हणून, उभा राहतोय, पोरांना हिब्रू वाचायला शिकवलं, कुणी गेलं की त्या घरी सात दिवस जाऊन बसलो, आणि हा प्रश्न इतक्या तोंडांतून ऐकलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं. बहुतेक वेळा तो नुकताच फसलेला असतो. सविस्तर लिहितोय कारण बाकीच्यांनाही उपयोग होईल, आणि ज्यू नसलेले मित्र वाचत असतील म्हणून शब्द जरा उलगडून लिहितो.

आधी ती ओळच नीट बघ. विन्दिवीम यातला मूळ शब्द नेदीवीम. मराठीत आपण "अधिपतींवर भरवसा ठेवू नका" असं वाचतो म्हणून डोळ्यासमोर राजेमहाराजे येतात, हल्ली पुढारी येतात. पण नादीव म्हणजे उदार माणूस, देणारा माणूस. आपण सिनेगॉगला देणगी देतो ती नेदावा, तोच धातू. बॅरन एडमंड द रोथशिल्डनं तिकडे इस्रायलमध्ये सुरुवातीच्या वसाहतींना एवढा पैसा पुरवला की लोक त्याला नाव न घेता "तो प्रसिद्ध नादीव" म्हणायचे. म्हणजे बघ हां, तेहिलीम चोरांवर भरवसा ठेवू नका असं सांगतच नाहीये, ते सांगायला देवाचा शब्द कशाला लागतो, ते आपली आजीसुद्धा सांगते. ते म्हणतंय चांगल्या, दानशूर, शब्दाला जागणाऱ्या माणसावरही सगळा भार टाकू नका. आणि कारण काय दिलंय? तो लबाड आहे म्हणून नाही. पुढची ओळ वाच: त्याचा श्वास निघून जातो, तो आपल्या मातीला परत जातो, आणि त्याच दिवशी त्याचे सगळे बेत संपतात. बस, एवढंच कारण. माणूस मरतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नव्वदच्या दशकात माझी कंपनी बंद पडली, दोन पोरं शाळेत, घराचा हप्ता चालू, आणि आमच्या ओळखीच्या एका शेठनं मला शब्द दिला होता की सोमवारी ऑफिसला ये, तुझं करून टाकतो. माणूस खरंच सोन्यासारखा, कितीजणांची पोटं त्यानं लावून दिली होती. त्या आठवड्यात मी सिनेगॉगमध्ये तेच १४६ म्हणत होतो आणि तोंडानं अल तिव्तेखू चाललेलं असताना नजर मात्र पुढच्या बाकाकडे, शेठ आले का, मूड कसा आहे, माझ्याकडे बघितलं का. शनिवारी रात्री त्यांना अ‍ॅटॅक आला. रविवारी कब्रस्तानात उभा होतो आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार त्यांच्या बायकोपोरांचा नव्हता, पहिला विचार होता की आता सोमवारचं काय. त्याची लाज मला अजून वाटते. "त्याच दिवशी त्याचे बेत संपतात" हे वाक्य मी हजारदा तरी म्हटलं असेल, पण ते त्या रविवारी ऐकू आलं. नोकरी नंतर लागली, शेजाऱ्यानं सांगितलेल्या एका जागी, पगार कमी, पण लागली.

तर मुद्दा असा की तुझ्या पार्टनरचं प्रकरण आणि ती ओळ यांचा संबंध तू लावतोयस तसा नाहीये. तुला राग आलाय आणि रागाला तू शास्त्राचा आधार शोधतोयस. होतं असं सगळ्यांचं.

आता दोन शब्द. एमुना आणि बिटाखोन. आपण मराठीत दोन्हीला विश्वास म्हणून मोकळे होतो, पण फरक आहे. एमुना म्हणजे देव आहे, हे सगळं त्याच्या हातात आहे हे मानणं. बिटाखोन म्हणजे त्या मानण्यावर प्रत्यक्ष वजन टाकणं. शिडी मजबूत आहे असं म्हणणं वेगळं आणि तिच्यावर चढणं वेगळं. गंमत म्हणजे आजच्या हिब्रूत बिटाखोन म्हणजे सुरक्षा, संरक्षण खातं म्हणजे मिसराद हाबिटाखोन, आणि त्याच धातूवरून बितुआख म्हणजे इन्शुरन्स. इस्रायलला गेलेले आपले लोक आयुष्यभर बितुआखच्या खिडकीसमोर रांगा लावतात आणि घरी येऊन बिटाखोनवर भाषण देतात.

अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा म्हणून एक दय्यान म्हणजे न्यायाधीश होऊन गेले. त्यांनी "होवोत हालेवावोत" या अरबीत लिहिलेल्या ग्रंथात भरवशावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय, आजही बिटाखोन शिकायचं तर लोक तिथूनच सुरुवात करतात. त्यांची रीत मला आवडते कारण ती हिशोबी आहे, प्रवचनी नाही. ते विचारतात, एखाद्यावर पूर्ण निर्धास्त भार टाकायचा तर त्याच्यात काय काय असायला हवं? त्याला तुझी दया यायला हवी, त्याचं तुझ्याकडे दुर्लक्ष व्हायला नको, त्याच्या अंगात ताकद हवी, तुझ्या भल्याचं काय ते तुझ्याहून जास्त त्याला कळायला हवं, तू जन्मल्यापासून त्यानं तुला सांभाळलेलं असावं, तुझं बरंवाईट सर्वस्वी त्याच्याच हातात असावं, आणि तू लायक असशील नसशील तरी तो देणारा असावा. अशा सात गोष्टी. आता ही यादी घेऊन एकेका माणसाला लावून बघ. आई बऱ्याच ठिकाणी पास होईल, पण ताकदीला अडेल, तुझं सगळं तिच्या हातात नाही. बॉसचं तर बोलायलाच नको. पार्टनर पहिल्या दोनालाच जातो. म्हणजे यात माणसांची निंदा कुठेच नाही, माणूस एवढ्या मापाचा बनवलेलाच नाही एवढंच. पाच टनाच्या टेम्पोत पंधरा टन भरून अ‍ॅक्सल तुटला की दोष टेम्पोचा का भरणाऱ्याचा? तुझ्या धंद्यातलंच उदाहरण देतोय.

योसेफची गोष्ट सगळ्यांना पाठ असते पण तिची शेवटची गाठ बघायची राहून जाते. योसेफ मिसरमध्ये तुरुंगात, राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगतो आणि म्हणतो तुझं बरं झालं की माझी आठवण ठेव, फारोजवळ माझा विषय काढ. प्यालेबरदार सुटतो आणि विसरतो, योसेफ आणखी दोन वर्षं आत. मिद्राशमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या गुरूंच्या विवरणात म्हटलंय की योसेफनं दोन शब्द वापरले, झेखार्तानी आणि हिझकार्तानी, माझी आठवण ठेव आणि माझी आठवण करून दे, म्हणून दोन वर्षं वाढली. हे ऐकून पोरं दरवेळी विचारतात की अंकल हे तर अन्यायाचं झालं, बिचाऱ्यानं ओळख वापरली फक्त, आपण तर रोज वापरतो. बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे त्याच मिद्राशमध्ये त्याच ठिकाणी "देवावर भरवसा ठेवणारा धन्य" हे योसेफलाच उद्देशून म्हटलंय. एकाच दमात कौतुकही आणि शिक्षाही.

यावर मला पटलेलं उत्तर खझोन ईश नावाच्या रब्बींचं. इस्रायलच्या बने ब्राकमध्ये राहायचे, १९५३ साली वारले, त्यानंतर त्यांचं या विषयावरचं लिखाण छापलं गेलं. त्यांचं म्हणणं असं की प्रयत्न करणं चूक नव्हतंच. पण प्यालेबरदारासारखा गर्विष्ठ दरबारी तुरुंगातल्या पोराची आठवण ठेवणारा नसतो हे योसेफला कळत होतं, तरी त्यानं ती काडी धरली, म्हणजे तो प्रयत्न नव्हता, ती कासाविशी होती. बुडता माणूस धरतो तसली. हा फरक फार बारीक आहे आणि माझ्या मते सगळा विषय त्या फरकात आहे. त्या शेठकडे मी पहिल्यांदा गेलो तो प्रयत्न होता. नंतर तीन आठवडे त्यांच्या चपलांचा आवाज ओळखायला लागलो, ती कासाविशी.

आणि शेवटी योसेफ सुटला कुणामुळे? त्याच प्यालेबरदारामुळे. फारोला स्वप्न पडलं तेव्हा त्यालाच आठवलं. देवानं तिथे दूत पाठवला नाही, भिंत फोडली नाही, तोच विसरभोळा माणूस वापरला, फक्त स्वतःच्या वेळेला.

आता वकिलाचं. प्रयत्नाला आपल्यात हिश्तादलुत म्हणतात आणि तो करायचाच असतो, यावर फारसा वाद नाही, वाद आहे तो किती करायचा यावर. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या गुरूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चांच्या ग्रंथात, बापानं मुलाला धंदा शिकवायलाच हवा असं सांगितलंय, आणि रब्बी येहुदा तर पुढे म्हणतात जो शिकवत नाही तो त्याला दरोडा घालायला शिकवतो. चमत्कारावर विसंबायचं नाही हे तर तालमूदमधलं ठरलेलं वाक्य आहे. याकोब चिडलेल्या भावाला, एसावला, भेटायला निघाला तेव्हा त्यानं भेटी पाठवल्या, प्रार्थना केली आणि लढाईचीही तयारी ठेवली, तिन्ही. एक आसा राजाचं उदाहरण लोक फेकतात, की पायाच्या दुखण्यात तो देवाकडे न जाता वैद्यांकडे गेला म्हणून त्याला दोष दिलाय. अरे, दोष वैद्याकडे गेल्याचा नाही, फक्त वैद्याकडेच गेल्याचा आहे. नाहीतर "बरा करवून घ्यावा" या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, शब्दांवरूनच वैद्याला इलाजाची परवानगी आहे असं तालमूद सांगतं, ते कशाला सांगितलं असतं? रांबाम, म्हणजे बाराव्या शतकातले मोठे गुरू मायमोनिडीस, स्वतः इजिप्तमध्ये डॉक्टर, दरबारी लोक त्यांचे पेशंट, त्यांनी अशा लोकांची चक्क खिल्ली उडवलीय, की मग भूक लागल्यावर भाकरी खाणाऱ्यानंही देवावरचा भरवसा सोडला म्हणायचं का. दिवसभर पेशंट बघून थकलेल्या माणसाचा वैताग आहे तो, मला तरी तसंच ऐकू येतं.

आणि लेखी काही केलं नाहीस, कारण "आपलाच माणूस, कागद मागितला तर त्याला काय वाटेल". यावर तालमूदमध्ये एक किस्सा आहे तो तुला धंदा सुरू करताना सांगायला हवा होता, तेव्हा तू पेढे घेऊन आला होतास आणि मी ते खाल्ले, बाकी काही बोललो नाही. साक्षीदार नसताना कर्ज देणारा हा आंधळ्याच्या वाटेत अडसर ठेवणारा आहे असा नियम सांगितलाय. मग लोक राव आशी या गुरूंना सांगतात की रविना नावाचा विद्वान सगळे नियम काटेकोर पाळतो. राव आशींना त्याची परीक्षा घ्यायची असते. ते शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस लागायला आलाय, सगळी धावपळ, अशा वेळी त्याला निरोप धाडतात की जमिनीचा एक तुकडा मिळतोय, दहा झूझ, म्हणजे चांदीची नाणी, पाठव. रविना उलट निरोप पाठवतो, साक्षीदार आणा, कागद करू. राव आशी विचारतात, माझ्यासाठीही? एवढा मोठा गुरू, अख्ख्या बाबिलोनमध्ये ज्याचा शब्द चालायचा. रविना म्हणतो, तुमच्यासाठी तर नक्कीच, तुमचं डोकं कायम अभ्यासात, तुम्ही विसरून जाल आणि शिव्याशाप माझ्या वाट्याला येतील.

दीड हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. कागद हा अविश्वास नाही, समोरच्यावर पडू शकणाऱ्या मोहातून आणि विसरण्यातून त्याला वाचवणं आहे. तुझ्या मित्रालाही कागद असता तर मदतच झाली असती, डिझेलचे पैसे कुठले आणि घरखर्चाचे कुठले हे त्याला तरी कळलं असतं.

म्हणजे वकील कर. वकिलावर एमुना ठेवू नको, फी दे आणि पावती घे.

बिटाखोन प्रत्यक्षात कसा दिसतो हे बघायला आपल्याला स्पेन-पोलंडला जायची गरज नाही, अलिबाग पुरे. आपली परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं सगळी बुडाली, शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, तेवढा तोंडात राहिला. कोकणात आपल्या पूर्वजांनी तेलाचा घाणा धरला आणि गावानं नाव ठेवलं शनवार तेली, कारण शनिवारी घाणा बंद. याच्यावर जरा थांबून विचार कर. तेल काढणाऱ्या माणसाचं पोट रोजच्या गाळपावर, गिऱ्हाईक आलं आणि घाणा बंद दिसला तर ते दुसऱ्या तेल्याकडे जाणार, पुढच्या वेळी सरळ तिकडेच जाणार. त्या काळी त्यांच्याकडे तोरा नव्हती, हज्जन नव्हता, पाळलं नाही तर विचारणारं कुणी नव्हतं. तरी दर आठवड्याला एक दिवस बैल सोडायचा, लाट थांबवायची आणि घरात बसायचं. पिढ्यान् पिढ्या. तोंडानं "देवा तूच पोशिंदा" म्हणणं सोपं आहे, शनिवारी दारातलं गिऱ्हाईक परत जाताना बघणं कठीण. आणि बाकीचे सहा दिवस मात्र घाणा फिरत होता बरं, ते काही घाण्यासमोर हात जोडून बसले नव्हते. मिसरमधून निघालेल्या आपल्या लोकांना वाळवंटात देवानं पाडलेल्या अन्नाचं, मान्नाचं, गणित हेच होतं, रोज उठून गोळा करायला जायचं, उद्यासाठी साठवलंस तर किडे पडणार, आणि शुक्रवारी दुप्पट मिळणार, शनिवारी शोधायला जायचं नाही. गोळा करणं तुझं काम, किती पडेल ते तुझं काम नाही.

तुला एक अवघड गोष्ट सांगायला हवी. बिटाखोन म्हणजे "सगळं चांगलंच होईल" असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये लोक पाठीवर थाप मारून म्हणतात ना, भरवसा ठेव, सगळं ठीक होणार. मीही तरुणपणी म्हणायचो. एकदा एका बाईला म्हटलं आणि तिचा मुलगा गेला, त्यानंतर कधी म्हटलं नाही. खझोन ईश हेच म्हणतात, की परिणाम आपल्याला हवा तसा येईल अशी खात्री बाळगणं म्हणजे बिटाखोन नव्हे, पुढचं कुणाला कळलंय, बिटाखोन म्हणजे जे होतंय ते उगाच, आंधळेपणी होत नाहीये हे मनात घट्ट असणं. तुझे साडेसात लाख परत येतील का? मला माहीत नाही. निम्मे आले तरी नशीब असं माझं धंद्यातलं मत आहे, धर्माचं नाही.

यिर्मया नबीच्या ग्रंथाच्या १७ व्या अध्यायात दोन चित्रं आहेत. माणसावर भरवसा ठेवणारा शापित, तो वाळवंटातल्या खारट जमिनीतल्या झुडपासारखा. देवावर ठेवणारा धन्य, तो पाण्याच्या कडेच्या झाडासारखा. हे दुसरं चित्र नीट वाच, झाडाला उन्हाळा लागत नाही असं त्यात नाही. उन्हाळा येतो, अवर्षणाचं सालही येतं, झाड फक्त त्याची काळजी करत नाही, कारण मूळ ओलीत आहे. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. जेवणानंतरच्या बिरकत हामाझोनमध्ये शेवटी आपण "बारुख हागेवेर", धन्य तो माणूस, म्हणतो, ते इथूनच उचललंय. पण उचलताना आशीर्वाद तेवढा घेतला, शाप मागेच ठेवला. ताटावरून उठताना कुणा माणसाला शाप द्यायचा नाही हे ज्यांनी सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, लावला त्यांना बहुतेक कळत होतं. हे माझं वाचन हां, कुठे लिहिलेलं नाही.

त्याच प्रार्थनेत मधे एक वाक्य येतं, "लो लिदेई मात्नात बासार वादाम, वेलो लिदेई हालवाआताम". देवा, आम्हाला रक्तामांसाच्या माणसाच्या दानावर नको ठेवू, त्याच्या कर्जावरही नको, फक्त तुझ्या भरलेल्या, उघड्या हातावर ठेव, म्हणजे आम्हाला लाज वाटायची पाळी येणार नाही. म्हणजे त्रास माणूस वाईट असल्याचा नाही, मागताना मान खाली जाते त्याचा आहे. आणि म्हणूनच रांबामनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या तेव्हा सगळ्यात वरची पायरी कोणती ठेवली? समोरच्याला उसने देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. भागीदार करून घेणं! तू तुझ्या मित्राला, त्याचं काम सुटलं होतं तेव्हा, टेम्पोत घेतलंस ना? ते तू या पायरीवर उभं राहून केलं होतंस. पैसे गेले म्हणून ते खोटं ठरत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बिटाखोन हा स्वतःच्या अडचणीसाठी असतो, दुसऱ्याच्या नाही. तुझ्या घरात पीठ नसेल तर तू म्हण देव देईल. शेजाऱ्याच्या घरात पीठ नसेल तर "देव देईल" म्हणायचा तुला हक्क नाही, तिथे तू पिशवी घेऊन जायचं. हा नियम उलटा वापरणारी माणसं मी आपल्यातच खूप बघितली, स्वतःचं आलं की वशिला, दुसऱ्याचं आलं की तेहिलीम.

आपण मलिदा करतो ना, एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलियाहू नबीच्या नावाचा. ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुका मेवा, भोवती फळं. नवस फेडायला, घर घेतल्यावर, लग्नाआधी. बाहेरचे ज्यू बघायला येतात आणि विचारतात की तुम्ही एलियाहूला मागता का, हे चालतं का? आपण मागतो देवाकडेच, बेराखा म्हणजे आशीर्वचन देवाच्याच नावानं होते, एलियाहू पाहुणा असतो. पण ज्याच्या नावानं हे ताट भरतो त्याची गोष्ट काय आहे? दुष्काळात तो ओढ्याकाठी लपला होता, कावळे त्याला खायला आणायचे, मग ओढा आटला. आणि देव म्हणाला, सारफथला जा, तिथल्या एका विधवेला मी तुला पोसायला सांगितलंय. कुणी राजा नाही, शेठ नाही. तिच्या मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, ती दोन काटक्या गोळा करत होती, पोराबरोबर शेवटचं खाऊन मरायचं म्हणून. आकाशातून अग्नी उतरवणारा नबी, आणि त्याला तिच्यासमोर उभं राहून म्हणावं लागलं, आधी मला एक छोटी भाकर कर. भरवसा देवावरच होता. भाकरी बाईच्या हातची होती.

हेच एमुना या शब्दाचं. तोरामध्ये अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू असते, मोशेचे हात वर असले की आपली सरशी, खाली आले की त्यांची. मोशे थकतो. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि एकेक हात धरून ठेवतात, आणि पासूक, म्हणजे तोराची ओळ, म्हणतो सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात "एमुना" राहिले, म्हणजे स्थिर. मिश्ना, म्हणजे तालमूदचा जुना मूळ भाग, विचारतेच की मोशेचे हात काय लढाई करत होते? नाही, लोक वर बघत होते, आपलं मन वरच्या पित्याकडे लावत होते. ते ठीकच आहे. पण ते वर बघायचे हात दोन माणसांनी खालून धरले होते.

आपल्या समाजाची इस्रायलमधली गोष्ट तुला माहीत असेल. १९६२ साली तिथल्या रब्बीनातनं, म्हणजे मुख्य रब्बींच्या संस्थेनं, लग्न नोंदणाऱ्यांना सूचना काढली की बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावताना त्याची वंशावळ जाईल तितकी मागे तपासा. ज्या देशासाठी कोकण सोडून गेले तिथे आपल्याच धर्माच्या प्रमुखांनी विचारलं की तुम्ही ज्यू कशावरून. रोजच्या प्रार्थनेत "अल तिव्तेखू" असणारी ही माणसं, ती रागानं धर्म सोडून गेली नाहीत आणि देव बघून घेईल म्हणून घरीही बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला येऊन धरणं धरलं, ऑगस्टमध्ये नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, विषय आला, पंतप्रधान लेवी एश्कोल बोलले, आणि सूचनेतून आपलं नाव काढावं लागलं. आणि मग त्याच देशात, त्याच कार्यालयात लग्नं नोंदवली.

हेखाल, म्हणजे तोराचं कपाट, उघडून सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढतो तेव्हा मी अरामी भाषेत "ब्रीख श्मेह" म्हणतो, त्यात येतं, "ला अल एनाश रहित्सना", माझा भरवसा कुणा माणसावर नाही, कुणा देवदूतावर नाही, स्वर्गातल्या देवावर आहे. हे म्हणताना माझ्या एका बाजूला सेफेर उचलणारा असतो, दुसऱ्या बाजूला पडदा धरणारा, आणि पाठीमागे किमान सात जण उभे असावे लागतात, कारण दहा नसले तर सेफेर काढताच येत नाही, कद्दीश, गेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना, म्हणता येत नाही. म्हणजे माणसावर भरवसा नाही हे मोठ्यांदा म्हणायलाही दहा माणसं लागतात. पहिल्यांदा हे डोक्यात आलं तेव्हा मला हसू आलं होतं, चालू प्रार्थनेत.

तर तुझं आता. या आठवड्यात बँकेचे स्टेटमेंट, डिझेलच्या पावत्या, टेम्पोचं आरसी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे मेसेज, सगळं एका फाइलला लाव. वकिलाला दाखव. त्याआधी पार्टनरला एकदा दोन मोठ्या माणसांसमोर बसव, मी येतो, तुझे काका येतील, जे ठरेल ते तिथल्या तिथे स्टॅम्पपेपरवर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. बसायला तयार नसेल तर नोटीस जाऊ दे. पण "सगळी माणसं तसलीच" हे बायकोसमोर आणि मुलासमोर बोलणं बंद कर, मुलगा ऐकतोय.

आणि तू सिनेगॉगला यायचं थांबवलंयस, कारण पार्टनर पुढच्या बाकावर बसतो. गेल्या शनिवारी आम्ही नऊ होतो. सव्वानऊपर्यंत वाट बघितली, वॉचमनला खाली उभं केलं, दोन फोन केले. ज्यांच्या वडिलांचं वर्ष होतं ते गृहस्थ कद्दीश न म्हणता घरी गेले. तो होता त्या नवांत. येत्या शनिवारी साडेआठला ये, मागच्या बाकावर बस हवं तर.